खानावळीतल्या आम्ही तिघींनी टायफॉइडची लस घेतली

कोपरखैरण्यात माझी खानावळ आहे, रोज साठेक डबे जातात. गेल्या आठवड्यात मी, भाजी निवडणाऱ्या शोभाताई आणि पोळ्या लाटणारी सुनीता, अशा तिघींनी स्टेशनजवळच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये टायफॉइडची लस घेतली.

कारण घरातलंच. २०१७ साली माझ्या लेकीला टायफॉइड झाला. सिप्रोच्या गोळ्या घेऊनही सहा दिवस ताप हटेना. ब्लड कल्चरच्या रिपोर्टात सिप्रोसमोर ‘आर’ होता, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नव्हता. मग दहा दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे दुसरं अँटिबायोटिक शिरेतून. शेवटी शेवटी शीर सापडेना. सिस्टर दिसली की पोर भिंतीकडे तोंड फिरवायची. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६पासून पसरलेल्या टायफॉइडला तर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनही चालत नाही, हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. बॉक्स आमच्यासमोर फ्रीजमधून काढला, सुनीताच्याच हातात देऊन तिच्याकडून एक्सपायरी वाचून घेतली. मग लस कशी काम करते ते समजावलं. टायफॉइडच्या जंतूच्या अंगावर साखरेचं वेष्टण असतं. जुन्या लसीत तेवढंच असायचं आणि दोन वर्षांखालच्या बाळांना ती देता येत नसे. आम्ही घेतलेल्या टीसीव्हीत, म्हणजे टायफॉइड कॉन्ज्युगेट लसीत, ते वेष्टण धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निर्विष केलेल्या विषाला) जोडलंय, म्हणून शरीर ते नीट ओळखायला शिकतं. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूवरही वेष्टण तेच, त्यामुळे लस त्यालाही अडवते. पॅराटायफॉइड या टायफॉइडसारख्याच दुसऱ्या तापाला मात्र उपयोग नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मला तो खरेपणा फार आवडला.

आपल्या महापालिकेने २०१८च्या जुलै-ऑगस्टमध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या लाखाहून जास्त मुलांना ही लस मोफत दिली. सरकारी मोहिमेत टीसीव्ही जगात पहिल्यांदा दिली गेली ती इथे, नवी मुंबईत! नणंदेच्या दोघांना तेव्हाच मिळाली. स्वयंपाक करणाऱ्या बायकांनाही अशी मिळावी असं मला मनापासून वाटतं, कारण सुनीताला स्वतःच्या पगारातून हे परवडलं नसतं. तिघींचे पैसे मी भरले.

दंड दोन दिवस दुखला, ताप कुणालाच नाही. वेळ घेऊनही पाऊण तास जिन्यात उभं राहावं लागलं, ते सुधारायला हवं. आमच्या लसीच्या बॉक्सवर वय ४५पर्यंतच आहे. शोभाताई ४४च्या, थोडक्यात बसल्या. जाणार असाल तर संध्याकाळी सहानंतर जा, आणि कार्डावर बॅच नंबर लिहून घ्या.