३२०० ची रॅम ३६०० वर: डिसेंबर ते जून, मुक्काम नागपूर

८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४, डब्यावर ३२०० (वेग), सीएल१६ (मागितलेला डेटा यायला लागणारे क्लॉकचे ठोके) आणि १.३५ व्होल्ट. आरजीबी म्हणजे रंगीत दिवे नाहीत, नाव सांगून मिरवावं असं किट नाही. दुकानात तेव्हा सगळ्यात स्वस्त हेच होतं. सोबत एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि बी४५० चिपसेटचा साधा मदरबोर्ड. डिसेंबरपासून ही रॅम ३६०० वर चालवतोय. पण लिहायला मुद्दाम मे उलटू दिला. थंडीत घेतलेल्या टेस्टवर 'एकदम स्टेबल' म्हणणाऱ्यांनी आमच्या विदर्भातला उन्हाळा पाहिलेला नसतो.

३६०० च का, तर या रायझनमध्ये रॅमचा क्लॉक आणि इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरचे आतले भाग जोडणाऱ्या दुव्याचा) क्लॉक एकास एक जुळलेला बरा. डीडीआर रॅम दर ठोक्याला दोनदा डेटा देते, म्हणून ३६०० चा खरा क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ, आणि फॅब्रिक तिथवर बहुधा कुरकुर न करता जातं. मात्र ३६०० सीएल१८ वर समाधान मानू नका. हिशेब केला तर ३२०० सीएल१६ चे १० नॅनोसेकंद आणि याचेही १० च. सीएल१६ जमलं तर ८.९ होतात.

रॅमची माहिती वाचणाऱ्या थायफून बर्नर या सॉफ्टवेअरने चिप मायक्रॉन रेव्ह-ई दाखवली. ही चिप वेग आनंदाने घेते, पण टीआरसीडी (सीएलसारखंच आणखी एक टायमिंग) व्होल्टेज वाढवूनही खाली येत नाही. म्हणून टायमिंग १६-१९-१६-३६ (पहिला आकडा सीएल, दुसरा टीआरसीडी), १.४ व्होल्ट. इतकं एका संध्याकाळी झालं.

खरा वेळ खाल्ला तो टीआरएफसीने. रॅमच्या सेलमधला चार्ज सतत गळत असतो, म्हणून तो ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. त्या प्रत्येक रिफ्रेशला किती वेळ द्यायचा ते हा आकडा ठरवतो. आकडा कमी तर रॅम कामाला जास्त मोकळी. पण चिप तापली की गळतीही वाढते. मी ६३० वरून ५४० वर आणला, म्हणजे ३५० नॅनोसेकंदांवरून ३००. डिसेंबरात टेस्टमेम५ या रॅम टेस्टच्या अंटा७७७ ने बनवलेल्या कडक 'एक्स्ट्रीम' कॉन्फिगवर रात्रभर चालला, एकही एरर नाही.

मेमध्ये दुपारी तीच टेस्ट, तीच सेटिंग, आणि या वेळी ग्राफिक्स कार्डवरही लोड ठेवला. एरर आले. कार्डची गरम हवा थेट स्टिकवर जाते आणि नुसत्या रॅम टेस्टमध्ये कार्ड थंडच असतं, हे बरेच जण विसरतात. गेम तासाभराने क्रॅश होतो आणि टेस्ट मात्र पास, याचं एक कारण हेच. टीआरएफसी ५६० केला, कॅबिनेटचा पुढचा पंखा थोडा वाढवला. त्यानंतर ४५ अंशांच्या दुपारीही स्वच्छ.

नव्याने करणाऱ्यांनी पहिली टेस्ट विंडोजशिवाय चालणाऱ्या मेमटेस्ट८६ प्लसची, पेन ड्राइव्हवरून घ्यावी. कच्च्या सेटिंगवर विंडोज सुरू केलं की चुकीचा डेटा डिस्कवर लिहिला जाऊ शकतो आणि मग रॅम दुरुस्त झाली तरी फाइली खराबच राहतात. दुसरं, पीसी पूर्ण बंद करून, मागचं पॉवरचं बटण बंद करून थोड्या वेळाने चालू करून पाहा. बूट होताना रॅमचं ट्रेनिंग (मदरबोर्डने रॅमशी सिग्नल जुळवून घेणं) नव्याने होतं, त्यामुळे रीस्टार्टला चालणारी सेटिंग लाइट जाऊन आल्यावर अडू शकते.

फायदा? एडा६४ या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेटन्सी (डेटा यायला लागणारा वेळ) ७५ नॅनोसेकंदांच्या आसपासवरून ६८ वर आली. प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये अडखळताना पडणारा सगळ्यात कमी फ्रेमरेट थोडा सावरला. १४४०पी रिझोल्यूशनवर, जिथे सगळा भार कार्डवर, तिथे शून्य. नवीन किट घ्यायचंच असेल तर डब्यावर ३६०० सीएल१६ लिहिलेलं घ्या, फरक थोडाच असेल तर एवढी उस्तवारी नको. हातात आधीच ३२०० असेल तर मात्र जरूर करा. आणि सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बायोस अपडेट केल्यावर सेव्ह केलेली प्रोफाइल बहुतेक वेळा पुसली जाते.