कोयनेच्या खोऱ्याभोवती सायकल: कास-बामणोली, तापोळा, नवजा की चाळकेवाडी?

दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीतले सायकलवाले एकच गोष्ट विचारतात: चढ असला तरी चालेल, पण गाड्यांचा त्रास नको, असा रस्ता सांगा. मी दर वेळी कोयनेच्या खोऱ्याचं नाव घेतो. मग पुढचा प्रश्न येतो, ‘पण कुठून जाऊ?’ त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी खोऱ्याची ठेवण समजून घ्या, म्हणजे रस्ते आपोआप समजतील. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना लगेच देशाकडे, म्हणजे पूर्वेच्या पठाराकडे, वळत नाही. सह्याद्रीच्या कण्याला धरून ती साठेक किलोमीटर दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला जाऊन कृष्णेला मिळते. १९६४ साली धरण पूर्ण झालं आणि वरच्या खोऱ्यात शिवसागर जलाशय पसरला. नदीकाठची गावं आणि वाटा पाण्याखाली गेल्या. पश्चिमेकडचं जंगल १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत कोयना आणि कासचं पठार ही दोन्ही नावं लागली. परिणाम असा की वरच्या खोऱ्यातून लांबीने आरपार जाणारा रस्ता नाही. डोंगरावरून रस्ते खाली येतात आणि पाण्यापाशी थांबतात. जो रस्ता पुढे कुठे जात नाही त्यावर ट्रक येत नाही. इथे रस्ता निवडताना मी हीच कसोटी लावतो.

साताऱ्याहून बामणोली हा माझा पहिला सल्ला, पण तारीख पाहून. अंतर एका बाजूने साधारण ३६ किलोमीटर. समर्थ मंदिरावरून वर निघालात की बोगद्यापाशी रस्ते फुटतात: एक बोगद्यातून सज्जनगडाकडे, दुसरा यवतेश्वरच्या घाटाने कासकडे. घाट शहराला खेटूनच सुरू होतो, पाय मोकळे व्हायला सपाट रस्ता मिळत नाही, त्यामुळे पहिली पाच-सहा किलोमीटर हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्याच दमात काढा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटात होते, तेव्हा चढाचा अंदाज धावणाऱ्या कुठल्याही सातारकराकडून मिळेल. यवतेश्वर ओलांडल्यावर रस्ता डोंगराच्या माथ्यावरून चालतो. डावीकडे उरमोडीचं पाणी, उजवीकडे कण्हेरचं. पेट्रीपर्यंत हॉटेलं आणि रिसॉर्टं लागतात, त्यापुढे वस्ती विरळ होत जाते.

कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इथे सोनकी, तेरडा, सीतेची आसवं फुललेली असतात आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत फुलं बघायला जरूर जा, पण शांत सायकलिंगसाठी म्हणून जाऊ नका. हंगामातल्या सुट्टीच्या दिवशी वाहतुकीची दिशा बदललेली असू शकते, तेव्हा निघण्याआधी साताऱ्यात चौकशी करा. फुलं बघायचीच असतील तर मधला वार धरा आणि उजाडता उजाडता घाट चढा. मला स्वतःला कास नोव्हेंबरात आवडतं. फुलं गेलेली असतात, गवत सोनेरी झालेलं असतं, आणि मंगळवारी-बुधवारी सकाळी आठच्या सुमाराला पठारावर फक्त वारा असतो. एकदा तिथे अर्धा तास नुसता बसून होतो. तेवढ्या वेळात दुधाची एक मोटरसायकल गेली, बस.

कासनंतर खरी गंमत सुरू होते. बारा-एक किलोमीटरच्या उतारात तुम्ही जवळजवळ ५०० मीटर खाली येता, आणि पाणी झाडीतून तुकड्या-तुकड्यांनी दिसत राहतं. बामणोलीत रस्ता लाँचच्या धक्क्याशी संपतो. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्या बोटी इथूनच सुटतात, म्हणून थंडीतल्या शनिवारी-रविवारी पहाटे ट्रेकवाल्यांच्या गाड्या या उतारावर असतात. ही गोष्ट नवख्यांना माहीत नसते आणि आंधळ्या वळणावर समोरून जीप आली की दचकायला होतं. परत येताना हाच उतार दुपारच्या उन्हात चढायचा आहे. साताऱ्याहून जाऊन-येऊन एकूण चढ हजार मीटरच्या पुढे जातो. महिन्याभरात एकही घाट चढला नसाल तर बामणोलीत मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात परत या. घरगुती जेवणाची सोय होते, भाकरी आणि माशांचं कालवण मिळालं तर सोडू नका.

महाबळेश्वर ते तापोळा हा बामणोलीचा थेट स्पर्धक. अंतर २८ किलोमीटरच्या आसपास. महाबळेश्वर १३५० मीटरच्या वर, तापोळा शिवसागराच्या काठाला, म्हणजे सातशे मीटरच्या आसपासचा उतार. बामणोलीच्या रस्त्यात चढ-उतार वाटून आलेले आहेत: चढा, माथ्यावर दम घ्या, उतरा. तापोळ्याचं गणित उलटं आहे. सकाळी ताज्या पायांना काही काम नाही आणि दुपारी थकलेल्या पायांवर सगळा घाट एकदम येतो. मी पाहिलंय, उतरताना जे सर्वांत पुढे होते तेच परतीला वडापच्या, म्हणजे प्रवासी जीपच्या, टपावर सायकल बांधून आले. यात कमीपणा काही नाही, पण टपावर जागा मिळेलच असं धरून चालू नका.

तरीही शांतता मोजायची तर माझ्या मते तापोळ्याचा रस्ता बामणोलीहून सरस आहे. महाबळेश्वरचे बहुतेक पाहुणे पॉइंट बघतात, बाजारात फिरतात आणि वेण्णा तलावावर जातात. तापोळ्याला उतरणारे त्यांच्या तुलनेत थोडे, आणि तेही बहुधा दहाच्या नंतर. सकाळी सात ते नऊ या दोन तासांत रस्ता जवळजवळ तुमचा असतो. झाडी दाट, वळणं सावलीतली, आणि मध्येच एखाद्या मोकळ्या जागेवरून सोळशी नदीचं आणि कोयनेचं एकत्र आलेलं पाणी दिसतं. जानेवारीत पाणी भरपूर असतं. उन्हाळ्याकडे ते मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या काठावर गाळपेर, म्हणजे गाळात पेरलेलं पीक, दिसू लागते. रस्ता मात्र अरुंद आहे, आणि पावसाने खाल्लेल्या कडा कधी दुरुस्त झालेल्या असतात, कधी नसतात. ब्रेकचे रबरी गुटके जुने झाले असतील तर निघण्याआधी बदला. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, वळणाआधी वेग कमी करा आणि वळणात सोडून द्या. दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळा. त्या दिवसांत महाबळेश्वर गावातून बाहेर पडण्यातच तास जातो.

दोन्ही हवे असतील तर तेही जमतं, आणि या खोऱ्यातला सर्वांत सुंदर प्रवास मी त्यालाच म्हणेन. साताऱ्याहून कासवरून बामणोलीला उतरा, लाँचने तापोळा गाठा, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी घाट चढून महाबळेश्वर, आणि मग केळघर घाटाने मेढ्यावरून वेण्णेच्या काठाने साताऱ्याला परत. महाबळेश्वर-मेढा-सातारा हा टप्पा ५५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि बराचसा उताराचा. त्यावर वाहनं असतात, पण एव्हाना तुमचं मन भरलेलं असतं. लाँचवाल्यांशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. सायकली घेणार का, किती माणसं झाल्यावर निघणार, पैसे किती, हे तिन्ही आधीच ठरवा. शनिवारी-रविवारी बोटी वासोट्याच्या भाड्यात अडकलेल्या असतात, मधल्या वारी बोलणं सोपं जातं.

धरणाच्या बाजूने यायचं असेल तर कोयनानगर ते नवजा. दहाएक किलोमीटरचा छोटा रस्ता, हुंबरळीवरून अभयारण्याच्या दाराशी जाणारा. लहान मुलांना घेऊन किंवा वर्षानुवर्षांनी सायकल बाहेर काढलेल्या माणसाला घेऊन जायचं असेल तर मी हाच सांगेन. मात्र कराड-पाटण-कोयनानगर हा टप्पा सायकलने करू नका. तो पुढे कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणारा हमरस्ता आहे, त्यावर मालाच्या गाड्या दिवसरात्र चालतात, आणि सुरुवातीची कसोटी इथे साफ नापास होते. सायकल गाडीवर लादून कोयनानगरपर्यंत आणा. नवज्याजवळ ओझर्डे धबधबा आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टात सुट्टीच्या दिवशी इथेही गर्दी. शिवाय भर पावसात या बाजूला येऊच नये, असं माझं ठाम मत आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात मिरगाव, ढोकावळे आणि आंबेघर इथे दरडी कोसळल्या आणि घरंच्या घरं गाडली गेली. जिथे माणसं आपल्या घरात सुरक्षित राहिली नाहीत, तिथल्या रस्त्यावर मौजेसाठी पावसात उतरू नये.

चाळकेवाडीचं थोडक्यात सांगतो. बोगद्यातून सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघर पंचवीसेक किलोमीटर, त्याच्या वर पवनचक्क्यांचं पठार. हा रस्ता खोऱ्याच्या पूर्वेच्या काठावर चढतो, पाण्यापर्यंत उतरत नाही. ठोसेघरच्या पुढे वर्दळ एकदम कमी होते. पण पवनचक्क्या जिथे उभ्या करतात तिथे वारा असतोच, आणि समोरून आला तर सपाटीवरही घाटाइतका दम काढतो. जोडीला कुणी असेल तर आळीपाळीने पुढे राहा. मोकळं आभाळ आणि लांबवरची नजर आवडणाऱ्यांना हे पठार भावेल. जंगल आणि पाणी हवं असेल तर इथे येऊन चुकल्यासारखं वाटेल.

आता कुणी काय धरावं. एकच दिवस आहे, एसटीने किंवा गाडीने साताऱ्यात उतरणार आहात आणि घाटाची सवय आहे: कास-बामणोली, ऑक्टोबरच्या शेवटापासून पुढे, मधल्या वारी. महाबळेश्वरला कुटुंबासोबत आलाच आहात आणि सकाळचे चार तास मोकळे आहेत: तापोळ्याच्या दिशेने निम्मं उतरा आणि परत फिरा, पूर्ण उतरण्याचा मोह परतीला महागात पडतो. मुलं बरोबर आहेत: नवजा. दोन दिवस आहेत आणि पायांत बळ आहे: लाँचचा फेरा.

सगळ्याच रस्त्यांवर दोन ट्यूबा, पंप आणि दोन लिटर पाणी जवळ असू द्या. कास ओलांडल्यावर आणि तापोळ्याच्या घाटात फोनला रेंज भरवशाची नसते, सायकल दुरुस्तीचं दुकान मागे साताऱ्यात किंवा महाबळेश्वरातच. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, आणि उतारावरून येणारी सायकल आवाज करत नसल्याने त्यांना ती कळत नाही. गवा दिसला तर लांबच थांबा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका. तो आपल्या चालीने रस्ता ओलांडतो. मला एकदा कासच्या खाली त्यासाठी वीस मिनिटं थांबावं लागलं होतं. शेवटचं वासरू झाडीत शिरेपर्यंत मी पायडलवर पाय ठेवला नाही.