गावच्या कबड्डी सामन्यांना कोणती पद्धत घ्यावी : नॉकआउट, गट की प्लेऑफ?

दिवाळी आटोपली की भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात मंडया, म्हणजे गावजत्रा भरतात. इकडे कापसाच्या पट्ट्यात वेचणीला जोर आला की गावोगावी कबड्डीच्या खुल्या सामन्यांची पत्रकं फिरू लागतात. पहिलं बक्षीस किती रुपयांचं आणि कोणाकडून, यावर मंडळाच्या बैठका रात्र-रात्र चालतात. विजेता कोणत्या पद्धतीने ठरवायचा, हा प्रश्न मात्र ‘चिठ्ठ्या टाका, नॉकआउट घ्या’ इथेच मिटतो. माझ्या मते त्यालाही एक अख्खी बैठक द्यायला हवी. यंदा ज्यांच्या गावात सामने घाटत आहेत, त्यांनी मोठ्या खेळांतल्या पद्धती आपल्या दोन मैदानांवर आणि तीन रात्रींत कशा बसतात ते पाहावं आणि मग पत्रक छापायला द्यावं.

नॉकआउटचा, म्हणजे हरला तो बाहेर या पद्धतीचा हिशेब सोपा आहे. जितक्या चमू, त्याहून एक सामना कमी. १६ चमूंना १५ सामने. दोन मैदानं असली तर दीड रात्रीत निकाल. लाईट, पंचांचं मानधन, जेवणं, सगळं आटोक्यात राहतं. पण १६ पैकी ८ चमू एकच सामना खेळून घरी जातात. चाळीस किलोमीटरवरून गाडी करून, प्रवेश फी भरून आलेले पोट्टे रात्री बारापर्यंत आपल्या नंबरची वाट पाहतात आणि चाळीस मिनिटं खेळून परत निघतात. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातल्या दोन्ही चमू चिठ्ठीने पहिल्याच फेरीत समोरासमोर आल्या, तर शेवटच्या रात्रीची रंगतही जाते. पुढल्या वर्षी एकाच सामन्यात परतलेल्या काही चमू येतच नाहीत. जमाखर्चाच्या वहीत हा तोटा कुठे दिसत नाही, पण नॉकआउटचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

वरच्या पातळीवर नॉकआउट असतो, तेव्हा तोही इतका कठोर नसतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत जिंकलेला महिला बुद्धिबळ विश्वचषक नॉकआउट पद्धतीचाच होता. पण तिथे एका फेरीत निदान दोन डाव होतात, एक पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि एक काळ्या. बरोबरी राहिली तर जलद डाव. कोनेरू हम्पीविरुद्धच्या अंतिम फेरीत मुख्य दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि दिव्याने विजेतेपद जलद डावांत घेतलं. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये साखळीनंतरच्या प्लेऑफची प्रत्येक फेरी सात सामन्यांतले चार जिंकणाऱ्याची असते. आपल्याला तेवढं शक्य नाही, पण त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : खेळ जितका छोटा, तितकं नशिबाला बळ जास्त. व्हॉलीबॉलमध्ये पाच सेट होतात, एक हातचा गेला तरी सावरता येतं, म्हणून तिथे नॉकआउट खपतो. आठ षटकांच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये एका षटकात सामना फिरतो; तिथे नॉकआउट सगळ्यात जास्त अन्याय करतो. कबड्डी या दोघांच्या मधली.

दुसरं टोक म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि तक्त्यात जो वर, तो विजेता. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ प्रत्येकी ३८ सामने खेळतात, प्लेऑफ नाही, अंतिम सामना नाही. याहून न्याय्य पद्धत मला माहीत नाही. पण १६ चमूंना १२० सामने लागतील, आणि विजेता कदाचित आदल्या रात्रीच ठरून जाईल. शेवटच्या रात्री आसपासच्या गावांतली माणसं ट्रॅक्टरवर बसून येतात ती अंतिम सामना पाहायला, आणि त्यांनाही काही मिळायला हवं.

म्हणून गट पाडून पुढे बाद फेरी, हा मधला रस्ता. आपला विदर्भ रणजीमध्ये याच रस्त्याने तीनदा विजेता झाला : २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. शेवटच्या वेळी आधी गटात पहिला क्रमांक, मग तामिळनाडू, उपांत्य फेरीत मुंबईवर ८० धावांनी विजय, आणि नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहूनही पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक. ही आघाडी मोजायची, हे हंगाम सुरू होण्याआधीच सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर तक्रारीला जागा नव्हती.

या पद्धतीतही एक काटा आहे. बाद फेरी सुरू झाली की गटातल्या कामगिरीची किंमत शून्य होते. १९९२ च्या क्रिकेट विश्वचषकात न्यूझीलंडने आठपैकी सात सामने जिंकून पहिलं स्थान घेतलं. पाकिस्तान इंग्लंडविरुद्ध ७४ धावांत गारद झाला, पावसामुळे सामना निकालाविना राहिला म्हणून एक गुण वाचला आणि तो कसाबसा चौथा आला. उपांत्य फेरीत त्याच पाकिस्तानने न्यूझीलंडला बाहेर काढलं आणि चषकही नेला. २०२३ मध्ये भारताने साखळीतले नऊच्या नऊ सामने आणि उपांत्य सामना जिंकला, पण १९ नोव्हेंबरला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियासमोर हे दहा विजय कामी आले नाहीत. पाकिस्तानचं आणि ऑस्ट्रेलियाचं यश खरंच आहे, ते कमी लेखण्याचं कारण नाही. पण आधीच्या कष्टाचं काहीतरी पदरात पडावं, असं मला मनापासून वाटतं.

आयपीएलने ही दुरुस्ती २०११ मध्ये केली. त्याआधी साधी उपांत्य फेरी होती. २००९ मध्ये तक्त्यात पहिली आलेली दिल्ली उपांत्य फेरीत चौथ्या क्रमांकाच्या डेक्कन चार्जर्सकडून हरली आणि विजेता तोच संघ झाला. नव्या पद्धतीत पहिला आणि दुसरा आपसात खेळतात. जिंकणारा थेट अंतिम सामन्यात, हरणाऱ्याला आणखी एक संधी. तिसरा-चौथा खेळतात, त्यातला हरणारा घरी आणि जिंकणारा त्या दुसरी संधी मिळालेल्या संघाशी खेळतो; त्यातून अंतिम सामन्याचा दुसरा संघ ठरतो. २०११ ते २०२५ या पंधरा हंगामांत चौदा वेळा विजेता पहिल्या दोन क्रमांकांतलाच निघाला; अपवाद एकच, २०१६ चं हैदराबाद, जे तिसरं होतं. प्रो कबड्डीत बरीच वर्षं सहा संघ प्लेऑफला जायचे आणि पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, म्हणजे त्यांचा एक सामना वाचायचा. दहाव्या हंगामात पुणेरी पलटण आणि अकराव्यात हरियाणा स्टीलर्स, दोघेही तक्त्यात पहिले आले आणि विजेते झाले.

मग आयपीएलची पद्धत गावात आणायची का? चमू सहा असतील तर जरूर. मुलींच्या सामन्यांना आपल्याकडे बहुधा पाच-सहाच चमू येतात आणि नॉकआउट घेतला की दोन तासांत सगळं आटोपतं, याचं मला फार वाईट वाटतं. सहा चमूंच्या साखळीत १५ सामने, वर प्लेऑफचे ४, एकूण १९. प्रत्येक मुलीला किमान पाच सामने खेळायला मिळतात. फक्त प्लेऑफ एका रात्रीत कोंबू नका. तसं केलं तर पहिला सामना हरलेली चमू अंतिम फेरीला पोचेपर्यंत एकाच रात्री तीन सामने खेळते, आणि दुसरी संधी ही शिक्षा होऊन बसते. पहिले दोन सामने एका रात्री, उरलेले दोन दुसऱ्या.

१६ चमूंना मात्र ही पद्धत बसत नाही. वेगवेगळ्या गटांतल्या चमूंमध्ये पहिली कोण आणि दुसरी कोण, हे ठरवायला सारखं माप नसतं. दुबळ्या गटातली चमू गुणफरकात उगाच वर दिसते. तिथे चार-चारचे चार गट, प्रत्येकातल्या दोन पुढे, आणि अ गटातली पहिली ब गटातल्या दुसरीशी अशी उपांत्यपूर्व फेरी. गटाचे २४ आणि पुढचे ७, एकूण ३१ सामने. दोन मैदानांवर तासाला दोन सामने धरले, तर संध्याकाळी सात ते रात्री एक या वेळेत बारा होतात. पहिल्या रात्री अ आणि ब गट आलटूनपालटून : एका तासाला दोन्ही मैदानांवर अ, पुढच्या तासाला दोन्हींवर ब. प्रत्येक चमूला दोन सामन्यांच्या मध्ये तासभर दम खाता येतो आणि गटासाठी एकाच रात्री यावं लागतं. दुसऱ्या रात्री क आणि ड, तिसऱ्या रात्री बाद फेरी. नॉकआउटपेक्षा खर्च दीड रात्रीचा जास्त, पण प्रत्येक चमूला किमान तीन सामने.

आलटूनपालटून घेण्याचं आणखी एक कारण आहे. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात स्पेनमधल्या गिजोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले, तेव्हा त्यांच्याच गटातल्या अल्जेरियाचे सामने संपलेले होते. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकला तर दोघेही पुढे जातात, हे दोघांना ठाऊक होतं. सुरुवातीलाच एक गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात. आपली दोन मैदानं हेच काम करतात. तीन चमूंच्या गटात मात्र शेवटी एक चमू नेहमी बाहेर बसते; २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने तीनचे गट ठरवले होते, ते बदलून पुन्हा चारचे केले. २४ चमू आल्या तर तीनचे आठ गट पाडून, एकेकच पुढे पाठवून सामने ३१ च होतात. तेवढ्यापुरतं ते चालवून घ्यावं.

कुस्तीतली रेपेचाज पद्धत दंगलीसाठी चांगली. अंतिम फेरीत पोचलेल्या मल्लाकडून हरलेल्यांना कांस्यपदकाची संधी मिळते. साक्षी मलिकचं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधलं पदक त्यातूनच आलं. कबड्डीत तिसऱ्या बक्षिसासाठी एवढे सामने वाढवायला रात्र पुरत नाही. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत तर घड्याळच निकाल देतं, तिथे हा प्रश्नच येत नाही.

पद्धत कोणतीही घ्या, बरोबरीचा नियम पत्रकावर छापा. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि जास्त चौकार-षटकार मारले म्हणून इंग्लंड विजेता ठरला. नियम आधी लिहिलेला होता, तरी तो इतका टोचला की काही महिन्यांत बदलला गेला. आपल्याकडे तर तो बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो आणि रात्री दोन वाजता पंचांना घेराव पडतो. गटात समान गुण झाले तर आधी आपसातला सामना, मग गुणफरक. बाद फेरीत बरोबरी झाली तर दोन्ही बाजूंना पाच-पाच चढाया, तरीही बरोबरी तर निकाल लावणारी सुवर्ण चढाई. गेल्या वर्षीच्या पहिल्या चार चमू चार वेगळ्या गटांत ठेवाव्यात आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सगळ्या कर्णधारांसमोर, मैदानावरच टाकाव्यात.