फार्मॉल एम ट्रॅक्टर ओढीच्या स्पर्धेसाठी बांधताना: किती कॉम्प्रेशन, कोणते इंधन?

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या काउंटी फेअरमध्ये जुन्या ट्रॅक्टरच्या ओढीच्या स्पर्धा होतात. ट्रॅक्टर पुढे जाईल तसे मागच्या स्लेडवरचे (घसरगाडीवरचे) वजन पुढे सरकते आणि ओढ जड होत जाते. ३०० फुटांचे अंतर ताशी ३ मैलांनी कापायला ६८ सेकंद लागतात. तेवढा वेळ थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, भार वाढत असतो आणि फेरे उतरत असतात. रेसच्या गाडीचे इंजिन काही सेकंदांत मोकळे होते, इथे शेवटच्या ५० फुटांत सगळी उष्णता एकदम अंगावर येते. म्हणून कारच्या इंजिनाचे ठोकताळे इथे चालत नाहीत. पहिल्या १०० फुटांत गोड चालणारे इंजिन शेवटी ठोकू लागते (नॉकिंग, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटते), आणि आवाजाच्या गोंगाटात ते ऐकूही येत नाही.

उदाहरणासाठी १९३९ ते १९५२ मधला फार्मॉल एम घेतला आहे, कारण त्याचे सुटे भाग सहज मिळतात. बोअर ३.८७५ इंच, स्ट्रोक ५.२५ इंच, चार सिलिंडर, २४८ घनइंच, मूळ फेरे मिनिटाला १४५०. पेट्रोलच्या मॉडेलचे कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असताना आणि वर असताना सिलिंडरमध्ये असणाऱ्या जागेचे गुणोत्तर) ५.६५ च्या आसपास.

पहिला प्रश्न मॅनिफोल्डचा

कॉम्प्रेशनचा विचार करण्याआधी तुमचा ट्रॅक्टर मुळात कशावर चालायचा ते पाहा. त्या काळात डिस्टिलेट (रॉकेलासारखे इंधन) आणि रॉकेल स्वस्त होते, म्हणून बरेच ट्रॅक्टर त्यावर चालायचे. पेट्रोलची छोटी टाकी फक्त सुरू करण्यापुरती असे. रॉकेलाची वाफ व्हावी म्हणून अशा ट्रॅक्टरचा इनटेक मॅनिफोल्ड (हवा-इंधन आत नेणारी नळी) एक्झॉस्टने तापवलेला असतो, आणि कॉम्प्रेशन पेट्रोलच्या मॉडेलपेक्षाही कमी असते. यात पेट्रोल घातले तर गरम, विरळ हवा आत जाते, जोर घटतो आणि नॉकिंग लवकर सुरू होते. अशा ट्रॅक्टरला उंच पिस्टन बसवून जुना मॅनिफोल्ड तसाच ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी पेट्रोलचा थंड मॅनिफोल्ड बसवा.

आकड्यांत कॉम्प्रेशन

एका सिलिंडरचे स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वरखाली होतो तेवढी जागा) १०१५ सीसी. ५.६५ कॉम्प्रेशनला वर उरणारी जागा, म्हणजे चेंबर, गॅसकेट आणि पिस्टनच्या वरचा भाग मिळून, २१८ सीसी. ७ साठी ती १६९, ७.५ साठी १५६, ८ साठी १४५, ९ साठी १२७ आणि १० साठी ११३ सीसी हवी.

हे आकडे समोर ठेवले की हेड फेस करून (घासून पातळ करून) कॉम्प्रेशन वाढवण्याची कल्पना किती तोकडी आहे ते दिसते. चेंबर पूर्ण बोअरएवढा रुंद धरला तरी २.५४ मिलिमीटर, म्हणजे शंभर थाउ (इंचाचे हजारावे भाग), काढल्यावर जेमतेम १९ सीसी कमी होतात आणि कॉम्प्रेशन ६.१ वर पोहोचते. त्यातही हेडची जाडी गेली, गॅसकेट धोक्यात आले, पुशरॉडची लांबी बदलली ते वेगळेच. खरे कॉम्प्रेशन पिस्टनमधून येते. ४ इंची लायनर-पिस्टन संच बसवला आणि चेंबर तसाच ठेवला, तरी नुसत्या बोअरमुळे कॉम्प्रेशन ५.९६ होते आणि इंजिन २६४ घनइंचांचे होते. सुपर एमचा बोअर हाच आहे.

फायदा किती? आदर्श ऑटो चक्राच्या हिशेबाने ५.६५ वरून ७ वर गेल्यास कार्यक्षमता सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. ८ वरून ९ वर जाताना ती जेमतेम साडेतीन टक्के वाढते. प्रत्यक्षात याहून कमीच. पहिल्या पायऱ्या स्वस्त आणि सकस असतात. वरच्या पायऱ्यांना पिस्टन, इंधन आणि क्रँक तिन्हींचा खर्च येतो. एमच्या क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग आहेत हे विसरू नका.

इंधनांची जोडी लावताना

अमेरिकन पंपावरचा ८७ किंवा ९३ हा ऑक्टेनचा (इंधन नॉकिंग किती रोखते त्याचा) आकडा रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी असतो. भारतातले आकडे नुसते रॉनचे. त्यामुळे तिथले ८७ म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचे ९१. महाराष्ट्रातून तिकडे गेलेले वाचक इथे हमखास फसतात.

८७ ऑक्टेनचे पेट्रोल: ६ ते ६.५ कॉम्प्रेशनपर्यंत निवांत. जेट (कार्ब्युरेटरमधले इंधनाचे छिद्र), प्लग, टायमिंग (ठिणगीची वेळ) जवळपास मूळचेच राहते. वर्षातून दोनचार ओढी आणि मधल्या दिवसांत शेतावर काम असेल तर याच्या पुढे जाऊ नका.

९१ ते ९३: ७ ते ७.५ साठी हेच घ्यावे. थंड मॅनिफोल्ड, नीट टायमिंग आणि स्वच्छ रेडिएटर असेल तर एम ८ कॉम्प्रेशनपर्यंत तग धरतो, पण उन्हाळ्याच्या दुपारी ६८ सेकंदांच्या ओढीत तिथे हाताशी काही राखीव उरत नाही. जॉन डिअर ए असेल तर आणखी सावध राहा. त्याचा बोअर ५.५ इंच आहे, ज्योतीला लांबचा प्रवास करावा लागतो आणि फेरे कमी, म्हणजे उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला जास्त वेळ मिळतो.

१०० एलएल विमान पेट्रोल: मोटर ऑक्टेन ९९.६, बाष्पदाब कमी, साठवणीत महिनोन्‌महिने टिकते, एकसारखे मिळते. साडेआठपर्यंतच्या इंजिनाला चांगले आहे, पण सकाळच्या गारव्यात सुरू व्हायला कुरकुर करते आणि त्यातल्या शिशाने प्लग काळवंडतात. शिसे जुन्या व्हॉल्व्ह सीटला झिजू देत नाही हे खरे, पण त्यासाठी कडक सीट बसवणे हा एकदाचा आणि चांगला उपाय आहे. पैशांच्या मानाने मी हे इंधन शेवटी निवडेन.

ई८५ (एथनॉल आणि पेट्रोलचे मिश्रण): नियमांत परवानगी असेल आणि पंप जवळ असेल तर ८.५ ते १० कॉम्प्रेशनसाठी मला हेच आवडते. ऑक्टेनपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे एथनॉलची वाफ होताना मिश्रण थंड होते, आणि लांबलेल्या ओढीत तेच वाचवते. बदल्यात इंधन ३० ते ४० टक्के जास्त लागते. जेटचे छिद्र क्षेत्रफळाने तेवढे मोठे करायचे, म्हणजे व्यासाने १४ ते १८ टक्के. इथे बरेच जण व्यासच ३० टक्के वाढवतात आणि मग इंजिन काळा धूर ओकते. कार्ब्युरेटरमध्ये जुना कॉर्कचा फ्लोट (तरंगता गोळा) असेल तर त्यावरचे शेलॅक एथनॉलमध्ये विरघळते आणि फ्लोट बुडतो. पितळेचा घाला.

ई८५ नावाचे असले तरी त्यात एथनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकते, हिवाळ्यात कमी. म्हणून प्रत्येक खेपेला तपासा: १०० मिलीच्या मोजनळीत २० मिली पाणी आणि ८० मिली इंधन घाला, तोंड बंद करून हलवा, १० मिनिटे ठेवा. खालचा थर २० वरून जितका वाढला, त्याला ८० ने भागा. खालचा थर ७६ वर आला तर ५६ भागिले ८०, म्हणजे साधारण ७० टक्के. टक्केवारी बदलली की जेटही बदलावा लागतो.

मेथनॉल: हे फक्त खुल्या वर्गातल्या, ११ च्या वरच्या इंजिनासाठी. हवा-इंधन प्रमाण ६.४, पेट्रोलचे १४.७. व्हॉल्यूमने दुपटीहून अधिक इंधन लागते. ॲल्युमिनियम आणि जस्त खाते, म्हणून ओढीनंतर लाइन आणि कार्ब्युरेटर पेट्रोलने धुवावेच लागतात. उन्हात त्याची ज्वाला दिसत नाही. आगीची तयारी नसेल तर हात लावू नका.

एलपीजी: ऑक्टेन उत्तम, पण वायू म्हणून आत जाताना हवेची जागा घेतो आणि मिश्रण थंड करत नाही. मुळात गॅसवर बांधलेला ट्रॅक्टर असेल तरच त्याच्या वाटेला जा.

बांधताना काय चुकते

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा मोजल्याशिवाय उंच पिस्टन बसवू नका. पिस्टनवर मऊ माती ठेवा, हेड जुन्या गॅसकेटसह आवळा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, माती कापून जाडी मोजा. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर तरी राहू द्या. चेंबरचे व्हॉल्यूम ब्युरेट आणि प्लास्टिकच्या पारदर्शक तुकड्याने चारही सिलिंडरचे मोजा. चारात ३ सीसीपेक्षा फरक नको, नाहीतर सगळ्यात घट्ट सिलिंडर आधी ठोकू लागतो आणि बाकी तिघांचे टायमिंगही त्याच्या मापाने ठेवावे लागते.

कॉम्प्रेशन वाढले की ज्वाला वेगाने पसरते, म्हणून टायमिंग थोडे मागे घ्यावे लागते. प्लग एक पायरी थंड लावा. चॅम्पियनचा आकडा मोठा तो प्लग गरम, एनजीकेचा मोठा तो थंड. इथे उलट-सुलट होऊन पिस्टन जळतात. पोर्सेलिनवर बारीक चमकदार ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी पुढची ओढ करू नका.

शेवटी इंधनाचा प्रवाह. एमची टाकी उंचावर आहे आणि इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली येते. ६० अश्वशक्तीला पेट्रोल मिनिटाला साधारण ०.३ लिटर लागते, ई८५ ०.४ च्या आसपास, मेथनॉल ०.७ ते ०.८. कार्ब्युरेटरची लाइन सोडा, खाली बाटली धरा, एक मिनिट मोजा. मिळालेले इंधन गरजेच्या दुप्पट नसेल तर आधी सेडिमेंट बाऊलची (गाळ साठणाऱ्या वाटीची) जाळी साफ करा, मग लाइन मोठी करा. टाकी अर्धी असताना पुन्हा मोजा, कारण तेव्हा दाब कमी असतो.