तीन दिवस फुकट, मग दर सोमवारी ३४९

महाद्वार रोडवरच्या एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानात पाडव्याला नवी वही घालताना हिशेब ३,१४१ रुपयांनी जुळेना. दिवाळीच्या धंद्यापुढे ही रक्कम किरकोळ. पण व्यापारी माणसाला न जुळणारा हिशेब झोपू देत नाही. बँकेचं स्टेटमेंट काढलं तेव्हा दिसलं, की दर सोमवारी ३४९ रुपये जात होते. असे नऊ सोमवार.

उगम सापडला तो गणपतीच्या आदल्या शुक्रवारी. मालकाच्या मुलाला मंडळाच्या आगमनाचं रील करायचं होतं. व्हिडिओ एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये वॉटरमार्क काढायचा तर मेंबरशिप हवी होती, आणि ती 'तीन दिवस मोफत' होती. यूपीआय दुकानाच्या फोनवर आणि पिन घरात सगळ्यांना पाठ. रील झालं, लाईक आले, रविवारी पोराने अ‍ॅप काढून टाकलं. त्याच्या लेखी विषय संपला. सोमवारी पहिले ३४९ गेले.

यात पिन चोरला नाही, ओटीपी विचारला नाही, कुठली लिंकही आली नाही. म्हणूनच बँकेत गेलं की उत्तर मिळतं, "पिन तुमच्याच फोनवर टाकलाय." कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. इथे परवानगी आपणच दिलेली असते, त्यामुळे तो नियम पुढे करून फारसं हाती लागत नाही.

ती परवानगी कशी घेतली जाते, ते बघा. पडद्यावर 'मोफत' हा शब्द सगळ्यात मोठा. त्याखाली भरगच्च हिरवं बटण. बटणाखाली करड्या बारीक अक्षरांत 'त्यानंतर ३४९ / आठवडा'. घाईत वाचणाऱ्याला ३४९ दिसतात आणि ते महिन्याचे वाटतात, कारण मोबाईलच्या रिचार्जपासून केबलपर्यंत आपल्याला महिन्याचीच सवय. आठवड्याला ३४९ म्हणजे वर्षाला १८,१४८. एडिटिंगच्या आणि फोटो सुंदर करून देणाऱ्या अ‍ॅपांत आठवड्याचा दर मुद्दाम ठेवलेला असतो, हे आमचं स्पष्ट मत.

बटण दाबलं की यूपीआय अ‍ॅप उघडतं आणि खरी गोम या पुढच्या पडद्यावर असते. आत्ता कापली जाणारी रक्कम १ किंवा २ रुपये असते आणि नजर तिथेच थांबते. त्याच पडद्यावर आणखी चार गोष्टी लिहिलेल्या असतात: पुढे एका वेळी जास्तीत जास्त किती कापता येतील, किती दिवसांनी, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या नावाने. कमाल रक्कम जाहिरातीतल्या दरापेक्षा बरीच मोठी असू शकते. शेवटची तारीख तर कधी कधी वीस-तीस वर्षांपुढची असते. याला ऑटोपे मँडेट म्हणतात आणि इथे टाकलेला पिन पुढच्या प्रत्येक वसुलीवरची सही असतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला नंतर पिन लागत नाही. आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढली.

पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं बंधन आहे, आणि या दुकानदारालाही दर रविवारी मेसेज आलेच होते. पण दुकानाच्या फोनवर सणासुदीत दिवसाला शे-दीडशे मेसेज पडतात. त्यात अ‍ॅपचं नाव नव्हतं, मागच्या कंपनीचं कधी न ऐकलेलं नाव होतं. काउंटरवरचा साउंडबॉक्स आलेले पैसे ओरडून सांगतो, गेलेल्यांबद्दल मात्र गप्प. दुकानाचं खातं आणि घरच्या फोनचं खातं वेगळं ठेवा, हे कर सल्लागार सांगतात ते वेगळ्या कारणासाठी, पण इथेही तेच उपयोगी पडलं असतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते अ‍ॅप काढून टाकण्यात. दुकानाची पाटी उतरवली म्हणून जागेचं भाडं थांबत नाही. अ‍ॅप फोनवर असतं, मँडेट बँकेत असतं. त्यामुळे रद्द दोन ठिकाणी करावं लागतं. आधी अ‍ॅपच्या खात्यात जाऊन मेंबरशिप रद्द करायची आणि 'रद्द झाली' या पडद्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवायचा. मग ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पिन टाकला होता ते उघडायचं, प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' शोधायचं, ती नोंद उघडून मँडेट रद्द करायचं. तिथे 'पॉज' असाही पर्याय असतो. त्याने वसुली थोडे दिवस थांबते, मँडेट जिवंतच राहतं. रद्द करताना बहुतेक अ‍ॅप पुन्हा पिन मागतात आणि इथे बरेच जण घाबरून मागे फिरतात. पिन म्हटलं की पैसे जाणार, हे डोक्यात पक्कं बसलंय. एरवी ती भीती चांगलीच, पण वर रद्द करण्याचाच मजकूर दिसत असेल तर पिन टाका.

ट्रायल प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर प्रोफाइल, मग पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, मग सबस्क्रिप्शन्स. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर बोट ठेवलं की सबस्क्रिप्शन्स दिसतात. आयफोनवर ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. 'सात दिवस' म्हणजे सातव्या दिवशी रात्री जेवून झाल्यावर बघू, असा हिशेब करणारे इथे हमखास गळाला लागतात. ट्रायल घेतली त्याच बैठकीत रद्द करून टाकायची. बऱ्याच ठिकाणी उरलेले दिवस तरीही वापरता येतात. काही ठिकाणी रद्द करताच सेवा बंद होते, आणि तसं असेल तर ते रद्द करायच्या पडद्यावरच लिहिलेलं असतं.

कार्डाचं थोडं वेगळं. भारतीय कार्डावरच्या ठरावीक वसुलीला १ ऑक्टोबर २०२१ पासून पहिल्या वेळी ओटीपी लागतो, आणि ती रद्द करायची ऑनलाइन सोय बँकेनेच द्यायची असते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती 'ई-मँडेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' अशा नावाखाली असते. परदेशी कंपनीकडे मात्र ओटीपीशिवायही कार्ड चालू शकतं. म्हणून कार्डावरचा आंतरराष्ट्रीय वापर बंदच ठेवावा, लागेल तेव्हा दहा मिनिटं चालू करावा. हे चालू-बंद करायचं बटण ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावं लागतं.

आता पैसे परत मिळण्याचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे पडद्याच्या मांडणीतून ग्राहकाला फसवण्याच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत, त्यातला एक 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'. रद्द करायची वाट लपवणं त्यात येतंच. पण त्याहून कामाची ओळ अशी, की मोफत सेवेसाठी पेमेंटचे तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हासुद्धा त्यातच मोजला आहे. म्हणजे 'फुकट आहे, पण आधी ऑटोपे लावा' ही मागणीच तक्रारीचा विषय होते. तक्रारीत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा शब्द नावानिशी वापरा. कंपनीला ईमेल करा, सोबत प्रत्येक वसुलीचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, मँडेटच्या तपशिलातला लांबलचक यूएमएन (त्या मँडेटचा स्वतःचा क्रमांक) आणि ट्रायलच्या पडद्याचा स्क्रीनशॉट जोडा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानेही भागलं नाही तर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. कंपनी बेंगळुरूची असो की कुठलीही, तक्रारदार राहतो तिथे दावा चालतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

१९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर. मँडेटच्या वादात तो पहिला नाही, पण एका वळणावर तोच लागतो. पैसे गेले की माणूस इंटरनेटवर त्या अ‍ॅपचा 'कस्टमर केअर' नंबर शोधतो. वर दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो. समोरचा गोड बोलून रिफंडसाठी स्क्रीन शेअर करायला सांगतो, किंवा 'रिफंड स्वीकारायला' पिन टाकायला लावतो. ३४९ परत मिळवायला गेलेला तिथे खातं रिकामं करून बसतो. रिफंड घ्यायला पिन कधीच लागत नाही. तसं झालंच तर क्षणही न घालवता १९३० लावा आणि बँकेला कळवा.

दुकानदाराला कंपनीने शेवटच्या सोमवारचे ३४९ परत केले. बाकीच्या आठांसाठी १९१५ वर तक्रार गेली आहे. मँडेट रद्द करताना ऑटोपेची यादी खालपर्यंत बघितली, तेव्हा आणखी दोन नोंदी निघाल्या: एक इंग्रजी शिकवणाऱ्या अ‍ॅपची, एक कुंडली बघायच्या अ‍ॅपची. कुंडलीच्या पुढच्या वसुलीची तारीख परवाची होती.