बड्या टेक कंपनीच्या नावाने खोटा इंटरव्ह्यू: ३८,६२० रुपये गेले, तुमचे वाचवा

ऑनबोर्डिंगचे १,७७०, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे ८,८५० आणि लॅपटॉपची अनामत २८,०००. एकूण ३८,६२० रुपये. पहिल्या दोन रकमांची पावतीसुद्धा आली, १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवून. घरच्या केळीच्या पट्टीतले पैसे होते, म्हणून संताप जास्त आहे.

फी मागितली की पळायचं, हे मलाही पाठ होतं. पण या ठगांनी आधी एक रुपया मागितला नाही. कोडिंग टेस्ट झाली, राउंड झाले, बेसिक, पीएफ, जॉइनिंग बोनस, शेअर्स असं सगळं फोडून दाखवणारं ऑफर लेटर आलं, आणि मग पैसे. अशा कंपन्या जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत कॅम्पसला क्वचित येतात. त्यामुळे सगळं ऑनलाइन चाललंय यात इथल्या पोरांना काही खटकत नाही, आणि ठगांना हे पक्कं माहीत असतं.

कळायला हवं होतं ते कोडिंग राउंडलाच. प्रश्न साधा होता: अ‍ॅरेतल्या, म्हणजे संख्यांच्या यादीतल्या, कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते? लूपमध्ये लूप टाकून, म्हणजे प्रत्येक संख्या बाकी सगळ्यांशी ताडून, उत्तर दिलं, आणि समोरून आलं, "परफेक्ट, नेक्स्ट." खरा इंटरव्ह्यूअर इथे सोडतच नाही. वेळ एन-स्क्वेअर का लागतो (यादी दुप्पट झाली की वेळ चौपट), हॅशमॅप, म्हणजे आधी पाहिलेली संख्या लगेच शोधून देणारी रचना, वापरून तो एनवर (यादी दुप्पट, वेळ दुप्पट) आणता येईल का, मग मेमरी किती लागेल, अ‍ॅरे रिकामा असेल तर, तीच संख्या दोनदा आली तर? साधारण ४५ मिनिटं एक-दोन प्रश्नांवरच पोखरतात आणि शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायला वेळ देतात. इथे कॅमेरा बंद, उलट प्रश्न एकही नाही. आज आठवलं की डोकं फिरतं. पण नोकरीसाठी आसुसलेला माणूस पेपर सोपा आला म्हणून तक्रार करत नाही, हेही तितकंच खरं.

मेलचं डोमेन बघा. कंपनीच्या नावाला 'करिअर्स' जोडलेलं डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो. जीमेलच्या 'शो ओरिजिनल'मध्ये डीकिम (मेल त्याच डोमेनवरून आलाय का, याची तपासणी) पास दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, ठगाच्या स्वतःच्या डोमेनचंही ते पासच होतं. कंपनीच्या करिअर पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये तो अर्ज दिसतो का, ते तपासा.

व्हेरिफिकेशनचा खर्च कंपनी करते. एजन्सी तुमच्याकडे कागद मागते, पैसे नाही. लॅपटॉपही कंपनीच पाठवते. यूपीआयवर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. तिथे एका माणसाचं नाव होतं, तर म्हणे "व्हेंडरचं खातं आहे."

आणि पुढचा छळ! तालुक्याच्या ठाण्यात सांगितलं, सायबरचं काम जिल्ह्याला. जिल्ह्याला गेलो तर म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यात नोंद करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, खबर घ्यावीच लागते. हे मी दाखवलं तर साहेब म्हणे, "कायदा आम्हाला शिकवू नका." माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक, लावा म्हटलं तर हसले. "शिकलेले असून फसता कसे?" हा प्रश्न मात्र प्रत्येक टेबलावर. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकला. फसवणुकीत ग्राहकाचं नुकसान मर्यादित ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला न विचारता झालेल्या व्यवहारांसाठी होतं, म्हणून ते हात झटकतात. पण समोरचं खातं त्याच दिवशी गोठवायला काय हरकत होती?

म्हणून सांगतो, ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्याआधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. लागला नाही तर पुन्हा लावा, नाहीतर सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक), चॅट, मेल काहीही डिलीट करू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायला वेळ लागत नाही.

आणि आता "तुमचे पैसे परत मिळवून देतो, प्रोसेसिंग फी भरा" असे फोन सुरू झालेत. तेही त्याच टोळीचे समजा आणि नंबर तक्रारीला जोडा.