एसएमए–बीएनसी अडॅप्टरचा चार नगांचा संच: तीन चांगले, एक परत पाठवण्यासारखा

एसएमए आणि बीएनसी या एरियल जोडायच्या कनेक्टरच्या दोन जाती. हातात धरायच्या स्कॅनरला, म्हणजे निरनिराळ्या लहरी ऐकायच्या रेडिओला, वेगळी एरियल लावायची असेल तर हा संच घ्या, पण नग हातात आल्यावर प्रत्येकाच्या तोंडात डोकावून बघितल्याशिवाय रेडिओला लावू नका. मी ऑनलाइन मागवला, चारशेच्या आसपास पडला. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, असल्या संचांवर बहुतेक नसतंच. पितळेवर निकेलचा मुलामा, मधला संपर्क सोनेरी. चारपैकी तीन नग मला मनापासून आवडले. चौथा चुकीच्या जातीचा निघाला. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हाच घोटाळा आपल्याकडे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो आणि मग दोष रेडिओला दिला जातो.

माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. ऐकायला युनिडेनचा बीसी १२५ एटी स्कॅनर, बोलायला बाओफेंगचा यूव्ही-५आर आणि लॅपटॉपवर रेडिओ ऐकायला आरटीएल-एसडीआरचं डोंगल. तिघांची तोंडं तीन तऱ्हेची. स्कॅनरला बीएनसी, म्हणजे खटकन बसवून पाव फेरा फिरवला की अडकणारं. डोंगलला एसएमए, बाहेरून आटे आणि मध्ये भोक. बाओफेंगलाही एसएमएच, पण उलट बाजूचं: आटे आतून आणि मध्ये पीन. येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाताना मी बीएनसीची, ओढून लांब होणारी एरियल एकच नेते आणि ती तिन्हींना लागावी एवढीच माझी अपेक्षा. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी पन्नास सेंटिमीटरच्या आसपास येते. तेवढी नळी ओढली की अंतराळ स्थानकाचा १४५.८०० वरचा आवाज रबरी एरियलपेक्षा कितीतरी स्वच्छ येतो.

आता ओळखायचं कसं? साध्या एसएमएत मेल की फिमेल हे आट्यांवरून बघू नका, मधल्या संपर्कावरून बघा. पीन असेल तर मेल, भोक असेल तर फिमेल. त्यात पीनवाल्याचे आटे आतून, फिरत्या नटात असतात आणि भोकवाल्याचे बाहेरून. भिंग घेऊन उजेडात बघा. पांढऱ्या टेफ्लॉनच्या मधोमध बारीक सोनेरी नळी दिसते, तिच्या कडेला चिरा पाडलेल्या असतात, त्या चिरांमुळेच ती पिनेला घट्ट धरते. चिरा वाकड्या दिसल्या किंवा नळी टेफ्लॉनच्या आत खोल गेलेली दिसली तर तो नग बाजूला ठेवा.

वायफायच्या राउटरला जे लागतं त्याला रिव्हर्स पोलॅरिटी, म्हणजे आरपी-एसएमए म्हणतात. त्यात आटे तसेच राहतात आणि पीन-भोकाची अदलाबदल होते. माझ्या संचातला चौथा नग याच जातीचा होता. पाकिटावर एसएमए मेल छापलेलं, नट आतून आट्यांचा, पण मध्ये बघावं तर पिनेऐवजी भोक. डोंगलवर तो अगदी गुळगुळीत बसतो, शेवटपर्यंत आवळतो, कुठे अडत नाही. आणि आत भोकासमोर भोक, मध्ये काहीच जोडलेलं नाही! अशा वेळी जवळचं दणकट सिग्नल तेवढं कसंबसं ऐकू येतं आणि माणूस समजतो की डोंगलच बहिरं आहे. याच्या उलट जोडी तर आणखी वाईट. आटे बाहेरून आणि मध्ये पीन असलेला आरपीचा नग बाओफेंगच्या पिनेवर आवळला तर पिनेवर पीन आदळते, आणि ते नुकसान रेडिओच्या अंगावर येतं. कंपनीतून आलेला जॅक घरी बदलणं सोपं काम नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘मॅडम, फिट होतोय ना?’ याचा मला मनस्वी राग आला. फिट होणं आणि जोडलं जाणं यात फरक आहे, आणि जो माणूस हेच विकतो त्याला तो ठाऊक असलाच पाहिजे. बरीच लिहालिही झाल्यावर त्या नगाचे पैसे परत आले. नाव लिहीत नाही, कारण तोच माल तेच फोटो लावून अनेक जण विकतात.

मल्टिमीटर असेल तर दोन मिनिटांत खात्री होते. अडॅप्टरच्या दोन्ही तोंडांच्या मध्याला मध्य लावा, बीप यायला हवा. मग मध्य आणि बाहेरचं कवच, तिथे अजिबात येता कामा नये. ही परीक्षा अडॅप्टरपुरती. काही एरियलमध्ये मध्य आणि कवच मुद्दामच जोडलेले असतात, तिथे बीप आला म्हणून घाबरू नका.

बाकी तीन नगांपैकी सर्वांत उपयोगी ठरला एसएमए फिमेल–बीएनसी फिमेल, बाओफेंगवर बीएनसीची एरियल चढवायला. दुसरा एसएमए मेल–बीएनसी मेल, त्याने बाओफेंगची एरियल स्कॅनरला लागते. तिसरा एसएमए फिमेल–बीएनसी मेल. याएसू किंवा आयकॉम कंपनीच्या रेडिओंच्या एसएमए एरियलला पीन असते, ती याच्यामुळे बीएनसीच्या स्कॅनरवर बसते. डोंगलला लागतो तो एसएमए मेल–बीएनसी फिमेल, आणि नेमका तोच खोटा निघाला होता. तो शेवटी बेळगावात मिळाला.

खडेबाजारातून आत वळलं की सीसीटीव्ही आणि केबलचं सामान विकणारं एक चिंचोळं दुकान आहे. मी काउंटरवर डोंगल ठेवलं तर आतून विचारलं, “काय शोधालाय अक्का? कॅमेऱ्याचा बीएनसी काय?”

“कॅमेऱ्याचा नको अण्णा, पन्नास ओहमचा हाय काय बघा की.”

अण्णांनी डबा उपडा केला, दोन नग उचलून दिव्याखाली धरले आणि न विचारता फरक दाखवला. ओहमचा हा आकडा म्हणजे कनेक्टरचा इम्पीडन्स, रेडिओचा पन्नास आणि कॅमेऱ्याचा पंच्याहत्तर. पन्नास ओहमच्या बीएनसी फिमेलमध्ये मधल्या संपर्काभोवती पांढरं प्लॅस्टिक पुढेपर्यंत असतं, कॅमेऱ्याच्या पंच्याहत्तरवाल्यात तिथे बहुतेक मोकळी जागा असते. दोन्ही एकमेकांत बसतात. ऐकण्यापुरतं पंच्याहत्तरने फारसं बिघडत नाही, जुळणीतला फरक दीडास एक, परत फिरणारी शक्ती चार टक्के. पण पन्नासचा मिळत असताना दुसरा का घ्यायचा? बेळगावात हा फरक नग हातात घेऊन समजावणारा दुकानदार आहे, याचं मला खूप कौतुक वाटलं.

अण्णांनी आणखी एक गोष्ट सुचवली आणि ती या संचापेक्षाही मोलाची निघाली. एसएमएवर अडॅप्टर, त्यावर अर्धा मीटर नळी, म्हणजे सगळा भार त्या इवल्याशा जॅकवर. गडावर वारा असा असतो की एरियल सारखी डोलते आणि तरफेसारखा जोर रेडिओच्या आतल्या सोल्डरवर येतो. त्यापेक्षा वीतभर आरजी-३१६ केबलची पिगटेल करून घ्यायची, एका टोकाला एसएमए, दुसऱ्याला बीएनसी, आणि एरियल वेगळ्या काठीला बांधायची. मी तशी करून घेतली. क्रिंप, म्हणजे केबलवर दाबून बसवलेला जोड, नीट दाबलेला आहे, ओढून पाहिला, हलत नाही. स्कॅनरचा बीएनसी दणकट असतो, त्याच्यावर नळी थेट चढवायला माझी हरकत नाही.

घराच्या गच्चीसाठी म्हणाल तर डिशची आरजी-६ केबल वाया घालवू नका. ती पंच्याहत्तरची असली तरी या पट्ट्यात रेडिओच्या नेहमीच्या पन्नास ओहमच्या आरजी-५८ केबलपेक्षा कमी सिग्नल खाते. आरजी-५८ दहा मीटरला दोनेक डेसिबल घालवते. केबलवाल्यांचा एफ कनेक्टर आणि एफ–बीएनसी अडॅप्टर याच दुकानात सुटा मिळतो. हे फक्त ऐकण्यासाठी, बोलायला पन्नासचीच केबल हवी.

टिकाऊपणाबद्दल: खानापूरच्या पावसाळ्यात निकेलच्या नगांवर हलका काळपटपणा आला, कपड्याने पुसला की निघाला, संपर्क स्वच्छ राहिला. नट बोटांनीच आवळा, पक्कड लावू नका. एसएमए साधारण पाचशे वेळा काढ-घाल करण्याच्या हिशोबाने बनवलेलं असतं, म्हणून मी डोंगलवरचा अडॅप्टर कायमचा ठेवलाय आणि काढ-घाल बीएनसीच्या बाजूने करते.

संचाला पाचपैकी साडेतीन, अण्णांच्या पिगटेलला पूर्ण पाच. पिगटेलसाठी आधी सांगून ठेवा, आरजी-३१६ त्यांच्याकडे नेहमी नसते, आणि तुमचा रेडिओ सोबत न्या. तोंड बघितल्याशिवाय अण्णा केबल कापत नाहीत.